गौरम्माचा पाट आणि सरकारी मोटारबोट

सरकारी नोकरीतला शेवटचा महिना कसा घालवावा, याची आपल्याकडे एक रीत आहे. सकाळी जरा उशिरा यावं, जुन्या साहेबांच्या नकला करून दाखवाव्यात, सगळ्यांना चहा पाजावा आणि शेवटच्या दिवशी गळ्यात हार, हातात नारळ घेऊन घरी जावं. महादेवप्पा शेटकारांनीही तसंच ठरवलं होतं. ते तहसील कचेरीचे नाझर, म्हणजे टाचणीपासून तिजोरीपर्यंत कचेरीतल्या यच्चयावत वस्तूंचे राखणदार. उभी हयात त्यांनी खुर्च्या, घंटा आणि सतरंज्या सांभाळल्या. एकही सतरंजी कधी हरवली नाही. आता फक्त हा सगळा चार्ज नव्या माणसाच्या हवाली करायचा राहिला होता.

नवा माणूस मुखेडकडून बदलून आला. नाव व्यंकट. वयानं जावयाएवढा, पण नजर सासऱ्याची. त्यानं प्रत्येक खुर्ची हलवून पाहिली, प्रत्येक पंखा फिरवून पाहिला, घंटेवर टोला मारून पाहिला. सगळं बिनबोभाट पार पडत असताना तो एका ओळीवर थांबला.

"अप्पा, इथं 'मोटारबोट एक, चालू' असं लिव्हलंय."

"हाव. तळ्यावर हाय. ताडपत्री घालून ठिवलीय."

"मग चालवून दाखवा. पाण्यातल्या महादेवाच्या टेकाडापर्यंत जायचं आन परत यायचं. मग मी सही करतो."

"व्यंकटराव, असल्या दुष्काळात बोट कोण चालवून बघतंय?"

"दुष्काळ निसर्गाचा हाय अप्पा. सही माझी हाय."

सही नाही तर चार्ज नाही, चार्ज नाही तर निवृत्तीचे कागद नाहीत. पण महादेवप्पांना खरी भीती वेगळीच होती. या कचेरीत पूर्वी एक नाझर होऊन गेले. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या चार्जमधला एक कंदील सापडेना. बिचारे कंदील शोधत रोज कचेरीत यायचे आणि बाकावर बसून राहायचे. पुढे कंदील सापडला, पण तोवर अख्ख्या गावात ते 'कंदीलवाले नाझर' झाले होते. त्यांच्या नातवालासुद्धा शाळेत 'कंदीलवाल्याचा' म्हणत. आपलं 'बोटवाले नाझर' होणार, या विचारानं महादेवप्पांना त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

आता दुष्काळी मुलखातल्या तहसील कचेरीत मोटारबोट आली कुठून, हे सांगायला हवं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. घरात भाऊ वेगळे निघाले की भांडी वाटतात, तशी जुन्या आणि नव्या जिल्ह्यात सामानाची वाटणी झाली. कपाटं आली, पंखे आले, एक पाय मोडलेलं टेबल आलं. जुन्या जिल्ह्याकडे पुरासाठी ठेवलेल्या दोन बोटी होत्या, एक उंच काठाची आणि एक बुटक्या काठाची. त्यांची दोन इंजिनं होती, उंच बोटीसाठी लांब पायाचं आणि बुटकीसाठी आखूड पायाचं. वाटणी करणाऱ्यांनी न्यायानं एक बोट आणि एक इंजिन नव्या जिल्ह्याला दिलं. फक्त बोट दिली ती बुटकी आणि इंजिन दिलं ते लांब पायाचं. न्याय झाला, जोडी फुटली. जिल्ह्यात पूर येण्याचं लक्षण नव्हतं, तेव्हा ते लचांड येलमवाडीचा तलाव ज्या तालुक्यात येतो त्या तालुक्याच्या गळ्यात पडलं, म्हणजे महादेवप्पांच्या. तेव्हा ती चालवून कोणी पाहिलीच नव्हती. 'चालू' असं लिहून आलं होतं, त्यांनीही 'चालू' असं लिहून घेतलं.

पहिल्या चाचणीला महादेवप्पा आणि तळ्याचा राखणदार शरणप्पा असे दोघेच गेले. ते आटलेलं तळं, मधल्या खोलगट भागात उरलेलं पाणी आणि त्यात महादेवाचं देऊळ असलेलं टेकाड. भोवती असा गाळ की धड चालताही येईना आणि धड पोहताही येईना. बांधाजवळ रोजगार हमीवर गाळ काढण्याचं काम चालू होतं. माणसं-बाया टोपल्या खाली ठेवून बघायला उभ्या राहिल्या. इंजिन दोरीच्या एका ओढीत सुरू झालं, हे पाहून महादेवप्पांना भरून आलं. पण पुढचं सगळं वंगाळ. बोटीचा मागचा भाग पाण्यात रुतल्यासारखा झाला. बोट वळवायचा दांडा उजवीकडे ओढावा तर हाताला हिसका बसून तो डावीकडे जाई. पाण्याचे फवारे दोघांच्या तोंडावर. बोट टेकाडाकडे निघाली आणि निघाल्या जागीच परत आली.

"नाझरसायेब ताक घुसळून राहिले जनू," बांधावरची एक बाई म्हणाली. हे वाक्य महादेवप्पांच्या आधी गावात पोचलं.

संध्याकाळी ओट्यावर शेजारी शिवप्पा आले. शिवप्पांची मोंढ्यात आडत आणि गावाबाहेर मळा. त्या उन्हाळ्यात त्यांना विहिरीशिवाय दुसरा विषय नव्हता. बोटीची हकिकत ऐकून ते गालातल्या गालात हसले.

"अप्पा, सोपं हाय. मला सांगा, तळ्याचं पानी किती उतरलंय?"

"लई उतरलंय."

"मग? पानी उतरलं की मोटार खाली उतरवावी लागती. मी ह्या साली किती बार उतरवली विचारा. न्हाई उतरवली की मोटार हवा धरती. तुमची मोटार गेल्या सालच्या पान्याच्या हिशोबानं बसवल्याली हाय."

हे ऐकून महादेवप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि त्यांना दोष कसा द्यावा? त्या उन्हाळ्यात त्या टापूतला प्रत्येक माणूस विहिरीत दोर सोडून मोटार खाली घेत होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी विषय काढला, तर तहसीलदार अण्णाराव देशमुखांनीही मान डोलावली, कारण त्यांचीही विहीर होती. ज्यांची विहीर नव्हती त्यांनी तर जास्तच डोलावली. एकट्या व्यंकटनं मान हलवली नाही. पण तो तर कशालाच मान हलवत नसे.

मोटार खाली घ्यायची तर बोटीच्या मागच्या फळीला खाच पाडणं आलं, कारण इंजिन त्या फळीच्या काठावरच शिकंज्यांनी घट्ट बसतं. सरकारी मालमत्तेला करवत लावायची. महादेवप्पांनी डोळे मिटले, 'ओम नमः शिवाय' म्हटलं आणि शरणप्पाला खूण केली. चांगली अंगुळ-दोन अंगुळं खोल खाच पडली. इंजिन तिच्यात झकास बसलं.

दुसऱ्या चाचणीत ते बांधापासून जेमतेम हाकेच्या अंतरावर गेले. मग इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यानं खालचा गाळ धरला, इंजिन कण्हलं आणि बोट जागच्या जागी अडकली. मागून स्वतःच उठवलेली लाट आली ती खाचेतून थेट आत. शरणप्पा "आता काय खरं न्हाई" म्हणत गाळात उतरला. महादेवप्पा मात्र बसून राहिले. नाझरानं चार्जमधली वस्तू सोडून जाऊ नये, असा त्यांचा बाणा. पाणी मांडीपर्यंत चढलं, तेव्हा गळ्यातलं इष्टलिंगाचं शिवदार एका हातानं वर धरून तेही उतरले. धोतर कमरेपर्यंत काळं झालं, वहाणा गाळानं गिळल्या. शेवटी मजुरांनी दोर लावून बोट ओढली. मग मुकादमानं त्यांनाच विचारलं, "सायेब, हे काम मस्टरवर कशात दाखवू? गाळ काढला म्हनू का?" अनवाणी घरी येताना महादेवप्पांना वाटेत जो तो 'काय नाझरसाहेब, पाणी लागलं का?' असं आपुलकीनं विचारत होता.

त्यांनी रीतसर मार्गही धरून पाहिला. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन, इंजिन बदलून मिळावं असा अर्ज दिला. तिथं पुराचं काम बघणारी शाखा अजून उघडायची होती, कारण पूर आलेला नव्हता. दुष्काळाचं काम बघणाऱ्या साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "लोकं प्यायला पाणी मागून राहिलेत अन् तुम्ही बोट चालवून राहिले?" जुन्या जिल्ह्यानं तर हात वर केले. नांदत्या घरातून गेलेली वस्तू परत घेत नाहीत, अशा अर्थाचं काहीतरी तिथले बाबू बोलले म्हणे.

निरोप समारंभाचा दिवस जवळ येऊ लागला. महादेवप्पा जेवताना घास हातात घेऊन बसत. गौरम्मा, म्हणजे त्यांच्या मंडळी, हे सगळं बघत होत्या. बाई उदगीरच्या, घरात कमी बोलणाऱ्या आणि जे बोलतील ते दुसऱ्यांदा न सांगणाऱ्या.

एके सकाळी टँकरचं पाणी येऊन गेलं होतं. मोरीतल्या घंगाळात गौरम्मांनी पाणी भरून ठेवलं होतं आणि त्यावर एक पितळी वाटी तरंगत होती. महादेवप्पा दात घासत उकिडवे बसले होते. गौरम्मा तांब्यानं पाणी काढत होत्या. एक तांब्या काढला, पाणी खाली गेलं, वाटी खाली गेली. दुसरा काढला, वाटी आणखी खाली. महादेवप्पांचं बोट दातावरच थांबलं.

"आणखी एक तांब्या काढ."

"कशाला? पानी जपून वापरायचं हाय."

"काढ म्हणतो ना."

वाटी आणखी खाली गेली. तिला कोणी उतरवलं नव्हतं. ती आपली आपण पाण्याबरोबर उतरत होती. महादेवप्पा तसेच उठले, तोंडात राखुंडी, आणि अंगणातून ओरडले, "शिवप्पा, विहीर जागेवर राहती हो. बोट राहत न्हाई." शिवप्पांना वाटलं, नाझराच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी दार लावून घेतलं.

आता सगळं उलटं करायचं होतं. बोट पाण्याबरोबर उतरते, तेव्हा मोटार उतरवायची नव्हती, उचलायची होती. महादेवप्पांनी तळ्यावर जाऊन बोटीच्या बुडाला सरळ काठी लावून पाहिली. पंख्याच्या वर जी आडवी पत्री होती, ती बुडापेक्षा चांगली वीतभर खाली लोंबत होती. म्हणजे अर्धं इंजिन पाण्यात उगाच नांगर ओढत होतं. पत्री बुडाच्या बरोबरीला यायला हवी. त्यासाठी फळीच्या खाचेत आणि तिच्यावर चांगला जाड, मुरलेला, पाण्यानं न फुगणारा लाकडाचा ठोकळा हवा. असलं लाकूड गावात कुठं मिळणार? कचेरीत एकच सागवानी वस्तू होती, ती म्हणजे तहसीलदारांचं टेबल. घरातही एकच होती, आणि तिचं नाव काढायलाही महादेवप्पा घाबरत.

तो गौरम्मांचा पाट. लग्नात त्यांच्या अव्वानं, म्हणजे आईनं, दिलेला, जाडजूड, गुळगुळीत. त्यावर घरचे गुरू जंगम बसले, जावई बसले, डोहाळजेवणाला लेकी बसल्या. गौरम्मा टँकरच्या रांगेत गेल्या होत्या तेवढ्यात महादेवप्पांनी पाट उचलला, न्हाणीमागं नेला आणि त्याचा एका बाजूचा लांबट पट्टा कापला. करवत सागात शिरली तसा त्यांना दरदरून घाम फुटला. एवढा घाम त्यांना सरकारी फळी कापून घेतानाही आला नव्हता. पट्ट्याचे दोन तुकडे करून त्यांनी पिशवीत घातले आणि उरलेला पाट कोठीत ज्वारीच्या पोत्यामागं लपवला.

दोन्ही तुकडे एकावर एक बसवले, तर इंजिन जास्तच वर आलं. पंखा अर्धा हवेत. इंजिन असं किंचाळलं की बांधावरची गाढवं पळाली, बोट मात्र तसूभर हलली नाही. मग एकच तुकडा ठेवला, आणि काय सांगावं, बोट सुटली. दांडा हातात लोण्यासारखा फिरू लागला. हिसका नाही, फवारा नाही. इंजिनाच्या बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडत होती. ती धार चालू असली की इंजिन गार राहतंय असं समजायचं, एवढं आता महादेवप्पांना कळलं होतं. खोट एकच राहिली. वेग धरला की बोटीचं नाक वर जाई आणि पुढचं काही दिसेनासं होई. पण ते हसतच घरी आले.

घरी पाटाचा उरलेला भाग ओट्यावर ठेवलेला होता. शेजारी गौरम्मा बसल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट होतं.

"बाकीचा कुठाय?"

"बोटीला लावला." महादेवप्पांनी खाली मान घातली. "गौरा, चुकलं माझं. तुला विचारायला पाहिजे होतं. धीर झाला न्हाई. शेवटच्या दिवशी गावापुढं माझी इज्जत जाती का काय, ह्याच भीतीनं करून बसलो."

गौरम्मा बराच वेळ पाटावरून हात फिरवत राहिल्या. नवऱ्याच्या मनातली भीती त्यांना महिनाभर दिसत होती, नवऱ्यानं ती बोलून दाखवली मात्र आज.

"माझ्या अव्वाचा पाट बोटीला लागला, तर त्या बोटीत मी बसनार. तळ्यातल्या महादेवाला बेल वाहून येनार. मग म्हनन, सरकारला दिला."

ही अट महादेवप्पांनी कचेरीत सांगितली आणि नवाच घोळ झाला. व्यंकट म्हणाला, "अप्पा, बोटीत खाजगी माणूस बसवता येत न्हाई. आन बोटीला खाजगी पाट तर बिलकुल लावता येत न्हाई. काढा तो."

"काढला तर बोट चालत न्हाई."

"आन ठिवला तर बोट पुरी सरकारी राहत न्हाई."

दोघंही आपापल्या जागी खरे होते, त्यामुळे तंटा मिटेना. शेवटी अण्णाराव तहसीलदार वैतागले. त्यांना उन्हाळ्यात टँकर पुरवायचे होते की बोटी? ते म्हणाले, "वहिनी पाटाच्या मालक. माल देण्याआधी तो नीट बसलाय का, हे मालकानं बघू नये का? बसू द्या त्यांना. व्यंकटराव, तुम्ही पण बसा, आन एकदाचं मिटवा."

चाचणीच्या सकाळी अर्धं गाव बांधावर होतं. शिवप्पाही आले होते, विहिरीचा विषय न काढण्याच्या तयारीनं. गौरम्मा हिरवं लुगडं नेसून, बेलाची परडी घेऊन आल्या. त्यांना मधल्या फळीवर बसा म्हटलं, तर म्हणाल्या, "देवाला जाताना मागं कोन बसतंय?" आणि थेट टोकाला जाऊन बसल्या. गौरम्मांची अंगलट भरदार, एवढंच इथं सांगितलं तरी पुरे. मध्ये व्यंकट बसला, दोन्ही काठ धरून. मागं महादेवप्पा. शरणप्पानं बोट ढकलली. इंजिन सुरू झालं आणि बोट निघाली, ती नाक अजिबात वर न करता, सपाट, सरळ, टेकाडाच्या दिशेनं. गौरम्मांच्या भारानं उरलेली खोटही गेली होती. महादेवप्पांना बायकोचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

तळ्याच्या मध्यावर त्यांनी इंजिनाच्या भोकाकडे पाहिलं. पाण्याची धार बंद होती. इंजिन जळणार. त्यांनी घाईनं ते बंद केलं. सगळीकडे शांतता झाली. बोट आपली संथ डुलत राहिली.

"अप्पा," व्यंकटचा आवाज एकदम बारीक झाला होता, "मला पोहता येत न्हाई. आमच्या मुखेडला पानीच कुठंय पोहायला?" त्यानं महादेवप्पांचा खांदा घट्ट धरला.

"मला तरी कुठं येतंय," महादेवप्पा खरं ते बोलून गेले.

"थांबलं व्हय?" गौरम्मा पुढून म्हणाल्या. "बरं झालं. त्या आवाजात देवाचं नाव घेता येईना."

महादेवप्पांनी वाकून भोकात पाहिलं. आत कडुलिंबाची काडी खुपसलेली होती, चांगली ठोकून बसवलेली. त्यांनी बांधाकडे तोंड करून हाक मारली, "शरणप्पाऽ, काडी कुणी घातली?"

"म्या घातली सायेब," तिकडून उत्तर आलं. "लई पानी वाया जाऊन राहिलं होतं."

महादेवप्पांना हसू आवरेना. व्यंकटही हसला. या माणसाला हसता येतं, हे कचेरीतल्या कोणाला माहीत नव्हतं. काडी उपसली, दोरी ओढली, धार सुरू झाली. टेकाडाला बोट लागली तेव्हा गौरम्मांनी महादेवाला बेल वाहिला. व्यंकटनंही हात जोडले, आणि बराच वेळ जोडून ठेवले, कारण अजून परत जायचं होतं. येताना काही झालं नाही. बांधावर पाय ठेवताच त्यानं पेन मागितलं आणि सही केली. अक्षर जरा थरथरलं होतं, पण सही ती सही.

महादेवप्पांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ठरल्या दिवशी हार मिळाला, नारळ मिळाला. भाषणात अण्णाराव जरा जास्तच बोलले, तेही त्यांनी गोड मानून घेतलं. गावानं नाव ठेवलं नाही असं झालं नाही, पण ते पडलं बोटीला. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसंसुद्धा तिला 'गौरम्माची बोट' म्हणू लागली. 'बोटवाले नाझर' व्हायचं टळलं. आता लोक त्यांना 'गौरम्माचे मालक' म्हणायचे, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर गौरम्मांनी ताट वाढलं आणि ताटापुढं उरलेला पाट मांडला. तो आता इतका अरुंद झाला होता की महादेवप्पांची एक मांडी पाटावर आणि दुसरी जमिनीवर. ते एका बाजूला कलून बसले. गौरम्मांनी भाकरीवर लोणी वाढलं आणि विचारलं, "उंची बरोबर हाय का?"

"अगदी बरोबर," महादेवप्पा म्हणाले, आणि महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.